नाही म्हणाले तं?

माझं आजोळ केनवड. तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. पुण्यात हापिसात कुणी "गाव कुठलं?" विचारलं की मी आधी वाशिम म्हणतो. समोरच्याच्या डोक्यात उजेड पडला नाही तर "अकोल्याजवळ" म्हणतो, आणि तरीही नाही पडला तर "विदर्भ" म्हणून विषय मिटवतो. तसं "अकोल्याजवळ" काही अगदीच खोटं नाही. इंग्रजांच्या काळात वाशिम आधी स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ साली तो मोडला, आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. तोपर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यातलेच. असो.

गेल्या वर्षी मामांचा फोन आला. सोयाबीनचं पावसाने नुकसान झालं होतं, पंचनामे झाले होते, आणि मदतीच्या यादीत मामांच्या नावापुढे जो आकडा होता तो त्यांना पटत नव्हता. पंचनाम्यात नेमकं काय लिहिलंय ते त्यांना पाहायचं होतं. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "मामा, माहितीचा अधिकार आहे ना! दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्ज टाका."

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अर्ज टाकनं काई कठीन नाई बाप्पा. नाही म्हणाले तं? मंग कोणाकडे जायाचं, ते सांग."

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे दोन-तीन वीकांत मी या कायद्याचा इतिहास वाचण्यात घालवले, आणि वाचता वाचता लक्षात आलं की हा सगळा इतिहास मामांच्या त्या एका प्रश्नाचाच आहे. माहिती मागण्याला कुणी फारसं कधी अडवलं नव्हतंच. भांडण होतं ते "नाही" म्हटल्यावर पुढे काय, यावर.

आता हेच बघा. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागे, म्हणजे "हा आमच्या वतीने बोलेल" असं पन्नास जणांनी लिहून द्यायचं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि नंतर न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात या सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. १८७६-७७च्या दुष्काळात तर सभेने आपली माणसं गावोगाव पाठवून स्वतःच माहिती गोळा केली आणि ती सरकारला कळवली. मला हे फार गमतीचं वाटतं: प्रजा सरकारला माहिती पुरवतेय! उलट दिशेची वाटच नव्हती. अर्ज करायला पूर्ण मुभा होती, पण उत्तर देण्याचं बंधन कुणावरच नव्हतं. साहेबाने अर्ज बाजूला ठेवला की विषय संपला.

उत्तर न देण्याचं पुढे रीतसर शास्त्रच झालं. सरकारी गुपितांचा कायदा १८८९ साली आला, कर्झनच्या काळात १९०४ साली तो आणखी कडक केला गेला, आणि १९२३ साली आजचा कायदा झाला. तो आजही आहे. स्वातंत्र्य मिळालं, पण फाईल साहेबाचीच राहिली. (स्वीडनमध्ये सरकारी कागद पाहण्याचा हक्क १७६६ सालीच कायद्यात आला होता आणि त्यामागे एक धर्मगुरू होता, अँडर्स शिडेनियस. १७६६ म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे गादीवर होते. पानिपताला पाचच वर्षं झाली होती.)

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९८६ची आहे. पुण्याच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे बांधकाम परवानग्यांचे कागद पाहायला मागितले होते, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेने. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने अशा मंडळींना कागद पाहण्याचा हक्क आहे असं सांगितलं. आपण कॅम्पात फिरायला जातो, खादाडी करतो, पण ही गोष्ट पुण्यातल्या किती जणांना माहीत आहे? मला तरी नव्हती. पण यातली अडचणही बघा. "नाही" म्हटल्यावर पुढची पायरी थेट उच्च न्यायालय. संस्थेला वकील मिळाला. केनवडच्या शेतकऱ्याने पंचनाम्याच्या एका कागदासाठी नागपूर खंडपीठाची पायरी चढायची का?

त्या दोन टोकांच्या मधे पायऱ्या बांधायचं काम पुढच्या वीस वर्षांत झालं. राजस्थानात ब्यावरला १९९६च्या एप्रिलमध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेचं चाळीस दिवसांचं धरणं झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मजुरांना हजेरीपटाची नक्कल हवी होती, इतकी साधी मागणी. १९९७ साली तामिळनाडू आणि गोव्याने आपापले कायदे केले. महाराष्ट्राने २००० साली केला, पण तो दुबळा होता. अण्णा हजाऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभारलं आणि २३ सप्टेंबर २००२ पासून नवा, दमदार कायदा वटहुकमाच्या रूपात लागू झाला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला मात्र पुढचं वर्ष उजाडलं, आणि ९ ऑगस्ट २००३ ला अण्णांना आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं.

या २००२च्या कायद्याकडे जरा नीट बघायला हवं. त्यात पहिलं अपील खात्यातच होतं, पण दुसरं अपील लोकायुक्तांकडे होतं, म्हणजे खात्याच्या बाहेर. आणि माहितीला उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड. त्याच सुमारास, २००२च्या डिसेंबरात, केंद्राने आपला माहिती स्वातंत्र्य कायदा संमत केला. त्यात अपील होतं, पण साहेबाकडून मोठ्या साहेबाकडे. दंड नाही, बाहेरचा कुणी नाही. तो कायदा कधी अमलातच आला नाही, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

महाराष्ट्रात त्या दुसऱ्या पायरीचा उपयोग लगेच दिसला. मुंबईच्या शैलेश गांधींनी (आपल्यातलेच, आयआयटी मुंबईचे इंजिनियर) पोलिसांच्या बदल्यांसाठी पुढाऱ्यांनी केलेल्या शिफारशींची माहिती मागितली. आधी नकार आला. त्यांनी अपिलं केली, आणि शेवटी माहिती मिळाली. हेच गांधी पुढे २००८ ते २०१२ केंद्रीय माहिती आयुक्त होते. म्हणजे आधी बग रिपोर्ट करणारा आणि मग ते बंद करायला बसलेला माणूस एकच :)

मग २००५चा केंद्रीय कायदा आला. १५ जूनला राष्ट्रपतींची सही, १२ ऑक्टोबरपासून पूर्ण लागू. आणि त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज पडला तो पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात, असं सांगतात. कायद्याचे सगळे तपशील इथे देत बसत नाही, पण अपिलाची यंत्रणा एखाद्या चांगल्या सिस्टिमच्या डिझाइनसारखी आहे, म्हणून थोडं सांगतोच.

जनमाहिती अधिकाऱ्याला तीस दिवस. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात हुशार ओळ हीच आहे. सार्वजनिक सभेपासून अडलेलं घोडं इथे होतं: गप्प बसणाऱ्या साहेबाविरुद्ध कुठे जाणार? त्याने "नाही" म्हटलेलंच नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर समोरून रिस्पॉन्स नाही, आणि टाइमआउटच लावलेला नाही, त्यामुळे प्रोग्रॅम जन्मभर लटकून बसणार. २००५च्या कायद्याने तीस दिवसांचा टाइमआउट लावला आणि तो संपला की एस्कलेशन आपोआप मोकळं केलं. पुढे तीस दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, महाराष्ट्रात त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. त्याने तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा. तिथेही जमलं नाही तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाकडे. वाशिम जिल्ह्याची अपिलं आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे जातात. आणि नकार बरोबर होता हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर. मागणाऱ्याने आपल्याला माहिती का हवी आहे हेसुद्धा सांगायचं नाही.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट.

मामांनी अर्ज टाकला होता. तीस दिवस गेले, उत्तर नाही. (कार्यालय कोणतं ते लिहीत नाही.) मामांनी फोन केला आणि मी कायदा उघडून बसलो. कलम १८ वाचलं: आयोगाकडे थेट तक्रार करता येते, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १९ वाचलं: आधी त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे अपील. मला वाटलं, वरिष्ठाकडे कशाला? तो त्यांचाच माणूस. सरळ वरती जाऊ! मी चार पानी तक्रार तयार केली. मुद्दे, उपमुद्दे, तारखांचा तक्ता, सगळं व्यवस्थित. डिझाइन डॉक्युमेंटच म्हणा. प्रिंट काढून कुरियर केली. यात मामांच्या सोयाबीनचे आणि माझ्या हौसेचे मिळून आणखी बरेच दिवस गेले.

मामा ते कागद घेऊन तालुक्याला गेले. तिथे अर्ज लिहून देणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात, त्यांना म्हणाले जरा नजर टाका. त्यांनी चार पानं वाचली म्हणे, पहिल्या पानावर परत आले आणि म्हणाले, "पोरानं लिवलं झ्याक हाय. पन तक्रार केली तं सायबाले दंड होईन. तुमाले कागद नाई भेटनार. कागद पायजेन तं अपील करा."

मामांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, असं कसं, मी कायदा वाचलाय. रात्री शोधलं. १२ डिसेंबर २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, मणिपूरच्या मुख्य माहिती आयुक्तांच्या प्रकरणातला. पानंच्या पानं आहेत. सगळी वाचून झाल्यावर निष्कर्ष काय? कलम १८ खालच्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. माहिती हवी तर कलम १९, म्हणजे अपील. तालुक्याच्या त्या गृहस्थांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं तेच. मी कायदा वाचला होता, कायद्याचा इतिहास वाचला नव्हता.

तोवर मामांच्या अर्जाला एकाहत्तर दिवस झाले होते. पहिल्या अपिलाची मुदत साठाव्या दिवशीच संपली होती. अकरा दिवस उशीर, आणि तो माझ्यामुळे.

निकाल वाचायची चटक लागली म्हणून आणखी एक वाचला, तो तर आमच्या घराजवळचा निघाला. भविष्य निर्वाह निधीच्या अकोला कार्यालयात काम करणाऱ्या एका अधिकाऱ्याचा पगार, त्याला दिलेल्या नोटिसा, त्याची मालमत्ता यांची माहिती गिरीश देशपांडे यांनी २००८ साली मागितली. नकार. अपील, नकार. केंद्रीय माहिती आयोग, उच्च न्यायालय, आणि ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालय: ही व्यक्तिगत माहिती आहे, व्यापक सार्वजनिक हित दाखवता आलं नाही, मिळणार नाही. तोपर्यंत अपील म्हणजे माझ्या दृष्टीने जिंकलो तर फायदा, हरलो तर होतो तिथेच. पण तसं नाहीये. खालच्या टेबलावरचा नकार हा एका माणसाचा नकार असतो. सर्वोच्च न्यायालयातला नकार सगळ्यांना लागू होतो. देशपांडे निकालाचा दाखला देऊन पुढे देशभरात किती अर्ज नाकारले गेले असतील! एका माणसाने सगळ्या पायऱ्या प्रामाणिकपणे चढल्या, आणि वरचं दार सगळ्यांसाठीच थोडं लोटलं गेलं.

तरी त्या कलमात "व्यापक सार्वजनिक हित" ही फट होती. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी एक सुंदर ओळ होती. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ ने ते कलमच छाटलं, आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये ती दुरुस्ती अमलात आली. आता व्यक्तिगत माहिती म्हटलं की कलम ८ (१) (ञ) पुरेसं आहे. सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची मुभा कायद्यात दुसरीकडे, ८ (२) मध्ये, शिल्लक आहे, पण ती मागणाऱ्याला आता वेगळी झगडून मिळवावी लागणार. आपण आयटीवाले डेटा प्रायव्हसीच्या नावाने टाळ्या वाजवतो, मीही वाजवल्या होत्या. मदतीच्या यादीतलं शेतकऱ्याचं नाव आणि क्षेत्र ही व्यक्तिगत माहिती आहे का? या प्रश्नाचं उत्तर उद्या कुठल्या तरी टेबलावरचा माणूस देणार आहे.

सरकारने पायऱ्या कमी करायचा प्रयत्न काही पहिल्यांदा केला असं नाही. २००६ साली फाईलवरचे शेरे कायद्याबाहेर काढायचं ठरत होतं, तेव्हा अण्णा आळंदीला उपोषणाला बसले आणि ते बारगळलं. जानेवारी २०१२ मध्ये महाराष्ट्राने नियम केला की अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत. (माझी चार पानं आठवा!) २०१९च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवणं केंद्र सरकारच्या हातात गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांच्या जागा वेळेवर भरा असं सांगितलं, कारण जागाच रिकाम्या असतील तर अपील ऐकणार कोण? २०२३च्या मध्यावर महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून होत्या. देशात सर्वांत जास्त. गंमत अशी आहे की कायद्याने जनमाहिती अधिकाऱ्याला मुदत दिली, पहिल्या अपिलालाही दिली, पण दुसऱ्या अपिलावर आयोगाने किती दिवसांत निकाल द्यायचा ते कुठेच लिहिलेलं नाही. सगळ्यात वरच्या सर्व्हरला टाइमआउट लावायचाच राहिला.

आणि काही "नाही" कागदावर येतच नाहीत. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांची माहिती काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांचा खून झाला. पुण्याहून लोणावळ्याला जाताना तळेगाव लागतं तेव्हा मला हल्ली ते आठवतं.

तर मामांचं अपील. कलम १९ (१) मध्ये सोय आहे की उशिराला पुरेसं कारण असेल तर मुदतीनंतरही अपील दाखल करून घेता येतं. तालुक्याच्या गृहस्थांनी एका पानात अपील लिहिलं, वीस रुपयांचा स्टॅम्प लावला, आणि उशिराचं कारण लिहिलं: "चुकीचा सल्ला मिळाल्याने." मला मामांनी ते वाचून दाखवलं. मी काय बोलणार!

अपील दाखल झालं. सुनावणीला मामा स्वतः गेले. वरिष्ठ अधिकाऱ्याने माहिती अधिकाऱ्याला विचारलं, का दिली नाही? तो म्हणाला, कामाचा व्याप. पंधरा दिवसांत द्या, असा आदेश झाला. "त्यांचाच माणूस" म्हणून मी ज्या पायरीवर फुली मारली होती तिथेच काम झालं.

कागद घ्यायला गेले तेव्हा बाबूने दोन रुपये पानाप्रमाणे सदतीस पानांचे चौऱ्याहत्तर रुपये मागितले. मामा म्हणाले, "मुदत गेली न सायेब. कलम सात पोटकलम सहा. आता फुकट द्या लागते." बाबूने आत जाऊन विचारलं, बाहेर येऊन कागद दिले. फोनवर हे सांगताना मामांचा आवाज जो काही होता, तसा मी दिवाळीलाही ऐकला नव्हता.

पंचनाम्यात मामांच्या गट नंबरापुढे नुकसानीचं क्षेत्र ०.४० हेक्टर लिहिलेलं होतं. मामांच्या म्हणण्याप्रमाणे ते १.२० होतं. खरं काय ते मला माहीत नाही, मी तेव्हा हिंजवडीत होतो. पण निदान आता भांडण कोणत्या आकड्याशी आहे ते कळलंय. क्षेत्र कसं मोजलं याच्या नोंदी मागणारा दुसरा अर्ज मामांनी मागच्या सोमवारी टाकला.

"मसुदा पाठवू का?" मी विचारलं.

"नोको," मामा म्हणाले. "तू तारखा मोज. तिसावा दिवस कधी येते तेवढं मले सांगजो."

मी कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावलाय. तिसाव्या दिवसाचा एक, आणि साठाव्या दिवसाच्या आधीचे चार.